कागदावरचे कमळ, पाण्यातले कमळ

2025 सालचा जुलै महिना संपत आला होता. श्रावण नुकताच लागला होता. भंडारा जिल्ह्यातील त्या लहानशा गावात धानाची रोवणी उरकत आली होती आणि बांध्यांतून साचलेल्या पाण्यात ढगांची प्रतिबिंबे संथपणे सरकत होती. शाळेच्या मागेच तलावाची उंच पाळ होती. वर्गातील मुलांना ती पाळ जन्मापासून माहीत होती आणि म्हणूनच बहुधा, तिच्यापलीकडे काय आहे याचा विचार करण्याचे त्यांना कधी प्रयोजन पडले नव्हते.

त्या भागातील लोक अशा तलावाला ‘मामा तलाव’ म्हणतात. परगावच्या माणसास हे नाव ऐकून हसू येते. वास्तविक ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांचे ते संक्षिप्त रूप होय. शेदोनशे वर्षांपूर्वी, आणि कित्येक ठिकाणी त्याहीपूर्वी, कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी जमिनीचा उतार ओळखून, मातीच्या पाळी घालून पूर्व विदर्भात असे हजारो तलाव बांधले. पुढे 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव सरकारच्या ताब्यात गेले. नाव मात्र जुनेच राहिले. या तलावांच्या पाण्यावर धान पिकले, गुरे जगली आणि ढिवर समाजाची घरे मासे, शिंगाडे व कमळकाकडी यांवर पोसली गेली.

शाळेत स्वातंत्र्यदिनाची तयारी चालली होती. राष्ट्रीय चिन्हांचा एक मोठा फलक सजविण्याचे काम सातवीच्या वर्गाकडे आले होते. कोणाच्या वाट्याला वाघ आला होता, कोणाच्या वाट्याला मोर, कोणाच्या वाट्याला वड. कमळ मात्र सर्वांनी काढावे आणि त्यांतील उत्तम चित्र फलकाच्या मध्यभागी लावावे, असे गुरुजींनी ठरविले होते. गुरुजी शहरात वाढलेले होते. त्या गावी बदलून येऊन त्यांना वर्षही झाले नव्हते. ते मनाचे प्रेमळ, पण शिस्तीचे कडक होते, आणि चित्रे तपासताना तांबडी पेन्सिल सदैव त्यांच्या हाती असे.

चित्रांचा गठ्ठा पुढे आला. एकामागून एक कागद उलटले जाऊ लागले. सर्व कमळे जणू एकाच साच्यातून काढली होती. मध्ये एक टोकदार पाकळी, दोन्ही बाजूंस दोन-दोन पाकळ्या, रंग गुलाबी, खाली निळ्या नागमोडी रेषा, आणि देठाला आंब्याच्या पानासारखी दोन हिरवी पाने. नाण्यावर, दिनदर्शिकेवर, रांगोळीत आणि लग्नपत्रिकेवर मुलांनी जे पाहिले होते, तेच त्यांच्या हातांतून कागदावर उतरले होते. गुरुजींनी समाधानाने एकेका चित्रावर बरोबरची खूण केली.

इतक्यात एक निराळाच कागद वर आला. त्यावर उंच, सरळ देठ होता आणि देठावर बारीक काटे दाखविले होते. पान छत्रीसारखे वाटोळे होते, आणि ते पाण्यावर पडलेले नसून पाण्याच्या वर उचललेले होते. फुलाला पाकळ्या किती हे मोजणे कठीण व्हावे, इतक्या त्या दाट होत्या. शिवाय फुलाशेजारी झारीच्या तोंडासारखी एक तपकिरी, भोकाभोकांची वस्तू काढलेली होती. हे चित्र ढिवर मोहल्ल्यात राहणाऱ्या, मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाचे होते. तो वर्गात क्वचितच बोलत असे.

“हे काय काढलंस? कमळाला काटे असतात का? आणि ही झारी कशाला?” गुरुजी म्हणाले. त्यांनी कागदावर तांबड्या पेन्सिलीने आडवी रेघ ओढली व खाली ‘चूक’ असा शब्द लिहिला. “पुन्हा नीट काढून आण.”

वर्ग हसला. मुलगा काही बोलला नाही. त्याने कागदाची घडी केली आणि ती वहीत ठेवली.

त्याच तासाला पुढच्या बाकावरील एका मुलीने प्रश्न विचारला, “गुरुजी, कमळ तर लक्ष्मीच्या हातातलं फूल आहे. मग ते सगळ्यांचं कसं?”

प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नव्हते. गुरुजींनी टेबलावरचा हजेरीपट उचलला व ते म्हणाले, “मुलांनो, आधी हा पट वाचू या. तुमची नावं तर आहेतच, पण तुमच्या आईवडिलांची, आजीआजोबांची नावंही मला सांगा.”

मग नावांची एक लांबलचक माळच तयार झाली. कोणी पंकज निघाला, कोणाच्या आईचे नाव सरोज होते, कोणाच्या आत्याचे नलिनी. कोणाचे वडील अरविंद, कोणाचे काका राजीव, कोणाची आजी पद्माबाई. या सर्व शब्दांचा अर्थ एकच, कमळ. जे पंकात म्हणजे चिखलात जन्मले ते पंकज, जे सरोवरात जन्मले ते सरोज. पांढऱ्या कमळाला पुंडरीक म्हणतात, तांबड्याला कोकनद. “वर्गात कमळ नाही असं तुम्हांला वाटत होतं. प्रत्यक्षात प्रत्येक घरात एखादं कमळ नांदतं आहे,” गुरुजी म्हणाले, तेव्हा मुले एकमेकांकडे नव्याने पाहू लागली.

ही गोष्ट केवळ महाराष्ट्राची नव्हे. तमिळ माणूस कमळाला तामरै म्हणतो, कन्नड माणूस तावरे म्हणतो, बंगाली पद्म म्हणतो. काश्मीरच्या खोऱ्यात त्याचे नाव पंपोश आहे आणि मणिपुरात थंबाल. भाषा बदलली की नाव बदलते, पण नाव नाही असा प्रदेश सापडणे कठीण. लक्ष्मी आणि सरस्वती यांचे कमळ सर्वांच्या परिचयाचे आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्वाच्या हातीही कमळ आहे, म्हणूनच त्यास पद्मपाणी म्हणतात. जैनांचे सहावे तीर्थंकर पद्मप्रभ यांचे लांछन तांबडे कमळ होय. ताजमहालाच्या शुभ्र घुमटाच्या माथ्यावर उलट्या कमळाची आकृती कोरलेली आहे. गुरु नानकांच्या व कबीरांच्या वाणीत चिखलात राहून निर्मळ असणारे कमळ पुन्हा पुन्हा येते. दिल्लीत 1986 साली पूर्ण झालेले बहाई पंथाचे उपासनामंदिर तर संपूर्णच कमळाच्या आकाराचे आहे. त्याच्या सत्तावीस संगमरवरी पाकळ्यांखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला मुक्त प्रवेश आहे.

“म्हणजे देवीच्या हातात कमळ आहे हे खरंच,” गुरुजी म्हणाले, “पण ते एकट्या तिच्याच हातात नाही. ज्याला ज्याला निर्मळपणा दाखवायचा होता, त्यानं त्यानं हेच फूल जवळ केलं.”

राष्ट्राच्या चिन्हांतही कमळाचे स्थान मोठे विलक्षण आहे. पद्म पुरस्कारांचा आरंभ 1954 मध्ये झाला. त्यांच्या नावातच कमळ आहे. राष्ट्राची राजमुद्रा सारनाथ येथील अशोकस्तंभाच्या शीर्षावरून घेतली आहे. मूळ शिल्पात सिंहांच्या पायांखाली चक्रांकित पट्टी आहे आणि त्या पट्टीच्याही खाली घंटेसारखे उलटे कमळ आहे. 26 जानेवारी 1950 रोजी मुद्रा स्वीकारली गेली तेव्हा हे कमळ तीत घेतले गेले नाही. सिंह दिसले, चक्र दिसले, पण साऱ्यांचा भार पेलणारे कमळ चित्राबाहेर राहिले. आणखी एक नवल असे की, वाघ व मोर यांना राष्ट्रीय म्हणून जाहीर करणारी अधिसूचना आहे, परंतु राष्ट्रीय पुष्पाविषयी अशी अधिसूचना नाही, असे सरकारने 2019 मध्ये राज्यसभेत दिलेल्या उत्तरात सांगितले होते. तरीही देशातील कोणत्याही शाळकरी मुलाला राष्ट्रीय पुष्प कोणते असे विचारले, तर तो क्षणाचाही विलंब न लावता कमळाचे नाव घेतो. काही मान कागदावरच्या आज्ञेने मिळतात, तर काही लोकांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या रुजून मिळतात. कमळाचा मान दुसऱ्या प्रकारचा आहे.

हे सर्व गुरुजींनी वर्गात उत्तम रीतीने सांगितले. तास संपला, मुले आनंदाने घरी गेली. पण त्या संध्याकाळी गुरुजींच्या मनाला एक काटा बोचत राहिला. वहीत घडी घालून कागद ठेवणाऱ्या त्या मुलाचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. अखेर त्यांनी वनस्पतिशास्त्राचे एक जुने पुस्तक काढले आणि कमळाचे पान उघडले.

पुस्तकातील चित्रात देठावर बारीक काटे होते. पान छत्रीसारखे वाटोळे असून पाण्याच्या वर उचललेले होते. फुलाशेजारी झारीच्या तोंडासारखी, भोकाभोकांची वस्तू होती. ती म्हणजे पाकळ्या गळून गेल्यावर मागे राहणारे कमळाचे बोंड होय. त्यातील प्रत्येक खळगीत एक बी असते.

गुरुजींनी पुस्तक मिटले. त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारला. आपण पाण्यात वाढणारे कमळ कधी पाहिले आहे काय? देवळाबाहेर विकावयास ठेवलेल्या मिटलेल्या कळ्या त्यांनी पाहिल्या होत्या. शहरातील उद्यानाच्या हौदात जे पाहून त्यांनी अनेकदा ‘कमळ, कमळ’ म्हटले होते, ते तर कुमुद होते. कुमुदाचे पान पाण्यावर तरंगत पसरलेले असते व त्याला कडेपासून देठापर्यंत चीर असते. कमळाच्या पानाला चीर नसते. त्याचा देठ पानाच्या बरोबर मध्यभागी जोडलेला असतो. कुमुदाचा मानही लहान नाही. श्रीलंकेचे आणि बांगलादेशाचे राष्ट्रीय पुष्प कुमुदच आहे. परंतु ते कमळ नव्हे. ज्या फुलाविषयी एक तासभर आपण इतके बोललो, ते फूल आपल्याला ओळखताही येत नाही, आणि ज्याला येते त्याच्या कागदावर आपण ‘चूक’ असे लिहिले, या विचाराने गुरुजींना फार वेळ झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर गुरुजी उभे राहिले व सर्व वर्गासमोर म्हणाले, “काल एक चूक झाली. ती चित्रातली नव्हती, माझी होती. बाळ, तो कागद आण बरं.” मुलगा संकोचाने पुढे आला. गुरुजींनी विचारले, “तू हे कुठं पाहिलंस?”

“मामाच्या गावी, गुरुजी. तिथल्या तलावात आहे. आपल्या तलावात पण होतं म्हणे. आमच्या आजीला ठाऊक आहे.”

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर सारा वर्ग पाळीवर गेला. आजी डोंग्याजवळ बसली होती. तिचे केस पांढरे झाले होते, पण हातांत अजून बळ होते. तलावाकडे पाहून मुलांना प्रथमच जाणवले की, पाण्याचा अर्धाअधिक भाग मुळी दिसतच नाही. काठापासून आतपर्यंत बेशरमाची दाट झुडपे माजली होती. त्यांना फिकट जांभळी, नरसाळ्यासारखी फुले आली होती आणि दुरून ती शोभिवंतही दिसत होती.

“आजी, इथं कमळं होती का?” गुरुजींनी विचारले.

“होती म्हणजे का जी!” आजी म्हणाली. “डोंगा घालाले जागा नसे. पहाटे आलं की, अख्खा तलाव उमललेला दिसे. आम्ही बाया थंडीच्या दिवसांत पाण्यात उतरून पायानं कंद चाचपत असो. त्याची भाजी करो. बोंडांतलं बी पोरं येताजाता खात. पानावर जेवण होई. सणाले फुलं विकून चार पैसे येत.”

“मग कमळ गेलं कसं?”

आजीने हाताने दूरवर दाखविले. गाळ काढणे थांबले, तसा तलाव उथळ होत गेला. उथळ पाण्यात बेशरम शिरले. गुरे ते खात नाहीत, आणि त्याची फांदी जिथे पडेल तिथे रुजते. अधिक मासळीसाठी तलावांत गवत्या मासा सोडला गेला. त्याने कोवळे कोंब खाऊन टाकले. कोणा एकाने कमळ मारले असे नाही. सर्वांनी थोडे थोडे पाठ फिरविले, इतकेच.

“म्हणजे मेलं बिचारं,” एक मुलगी हळूच म्हणाली.

“नाही, माय,” आजी म्हणाली. “मेलं नाही थे. झोपलं हाये. चला, दाखवतो.”

दोघा-तिघांना एका वेळी घेऊन आजीने डोंगा तलावाच्या पलीकडच्या कोपऱ्यात नेला. तेथे बेशरम अजून पोहोचले नव्हते. दहा-बारा पाने पाण्याच्या वर डोलत होती, सुपाएवढी मोठी, आणि त्यांच्यामध्ये एक फूल पूर्ण उमललेले होते. मुले क्षणभर बोलायचे विसरली. कागदावर पाच पाकळ्यांत बसविलेले फूल आणि पाण्यावर उभे असलेले हे फूल यांत फोटो आणि माणूस यांत असते तितके अंतर होते. एका मुलाने ओंजळभर पाणी पानावर टाकले. पाण्याचे मोती झाले, ते पानावर इकडून तिकडे धावले आणि धूळ बरोबर घेऊन घरंगळून गेले. पान होते तसे कोरडे राहिले.

हा चमत्कार भारतीयांनी फार पूर्वी पाहिला होता. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात निष्काम कर्म करणाऱ्या माणसाला कमळाच्या पानाची उपमा दिलेली आहे. या पानाचे रहस्य जर्मनीतील बॉन येथील शास्त्रज्ञ विल्हेल्म बार्टलॉट व त्यांचे सहकारी यांनी 1997 मध्ये सविस्तर उलगडून दाखविले. पानाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य उंचवटे असतात व त्यांवर मेणाचे सूक्ष्म कण असतात. त्यामुळे पाण्याचा थेंब पानाला पुरता टेकतच नाही. तो गोल होऊन घसरतो आणि धुळीचे कण उचलून नेतो. कमळाचे निर्मळपण हे चिखलापासून दूर राहिल्याचे फळ नव्हे. ते चिखलात राहूनच क्षणोक्षणी स्वतःला स्वच्छ करीत असते.

फुलाची गोष्टही तितकीच अद्भुत आहे. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील संशोधकांनी 1996 मध्ये दाखवून दिले की, उमलण्याच्या दिवसांत कमळाचे फूल स्वतःची ऊब स्वतः निर्माण करते. बाहेरची हवा 10 अंशांपर्यंत थंड झाली तरी फुलाच्या आतील उष्णता 30 अंशांच्या खाली जात नाही. थंड रात्री त्याच्या आश्रयाला येणाऱ्या कीटकांना हे उबदार घरच मिळते. देठ आणि कंद यांत पोकळ नळ्या असतात. वरच्या पानांनी घेतलेली हवा त्यांतून खाली चिखलात गुदमरणाऱ्या कंदापर्यंत पोहोचते. कमळकाकडी चिरली की, जी सुंदर छिद्रे दिसतात, ती याच वाटा होत. वर प्रकाशात असलेला भाग खाली अंधारात असलेल्या भागाला विसरत नाही, म्हणून कमळ जगते.

डोंगा काठाला लागला. परत येताना ज्या मुलीने वर्गात प्रश्न विचारला होता, ती आजीच्या हातांकडे पाहत होती. त्या हातांवर काट्यांच्या जुन्या खुणा होत्या. देवीच्या हातातले कमळ या हातांनी कित्येक वर्षे पाण्यातून काढले होते. ते सर्वांचे कसे, या प्रश्नाचे गुरुजींनी दिलेले उत्तर खरे होते. पण त्याचा उरलेला भाग तिला आता मिळाला असावा. पुजारी, शिल्पकार आणि कवी यांचे जसे ते फूल आहे, तसेच गुडघाभर चिखलात उभे राहून त्यावर पोट भरणाऱ्यांचेही आहे. देशाच्या एका टोकाला मणिपुरात लोक कमळाचे देठ कोशिंबिरीत खातात. लोकताक सरोवराच्या काठी देठातील तंतूंपासून धागाही काढला जातो. दुसऱ्या टोकाला काश्मीरचे नावाडी लांब काठ्यांनी तळातील कंद ओढून काढतात. त्याला ते नदरू म्हणतात आणि दह्यात शिजवून त्याची यखनी करतात. नावे वेगळी, देव वेगळे, रांधण्याच्या रीती वेगळ्या, पण हात त्याच चिखलात बुडालेले.

काश्मीरवरून गुरुजींना त्याच महिन्यात वर्तमानपत्रात वाचलेली एक बातमी आठवली. पाळीवर मुलांना बसवून त्यांनी ती सांगितली. वुलर हे काश्मीरमधील विस्तीर्ण सरोवर आहे. झेलम नदी त्यात येऊन मिळते. 1992 साली मोठा पूर आला आणि त्याने आणलेल्या गाळाखाली तेथील कमळाची बने गाडली गेली. काठच्या कुटुंबांचे नदरूचे उत्पन्न बुडाले. सुमारे तीस वर्षे त्या पाण्यात कमळ फुलले नाही. ज्यांनी ते पाहिले होते ते म्हातारे झाले, आणि ज्यांनी पाहिले नव्हते त्यांना ती म्हाताऱ्यांची गोष्ट वाटू लागली. मग गेल्या काही वर्षांत सरोवरातील गाळ उपसण्यात आला, आणि 2025 च्या उन्हाळ्यात वुलरच्या पाण्यावर पुन्हा गुलाबी कमळे उमलली.

“पाहा, आजी म्हणाल्या तेच खरं,” गुरुजी म्हणाले. “ते झोपलं होतं.”

कमळाच्या बियांची झोप खरोखरीच दीर्घ असते. जपानमध्ये इचिरो ओगा नावाच्या शास्त्रज्ञांना 1951 साली जमिनीत खोल पुरलेल्या प्राचीन कमळबिया सापडल्या. त्या सुमारे दोन हजार वर्षांच्या असाव्यात असे मानले जाते. त्यांतील एका बीपासून वाढलेल्या वेलीला 1952 मध्ये फूल आले. चीनमधील एका कोरड्या पडलेल्या सरोवराच्या मातीतून मिळालेली सुमारे तेराशे वर्षांची बी पुढे प्रयोगशाळेत रुजली, असे 1995 मध्ये प्रसिद्ध झाले. बीचे कवच इतके कठीण असते की, पाणी आत शिरत नाही आणि आतला अंकुर वाट पाहत राहतो. मात्र वाट पाहण्यालाही एक अट आहे. कोणीतरी गाळ उपसावा लागतो.

आजी घरात गेली आणि एक गाडगे घेऊन आली. त्यात काळ्या, गोटीसारख्या कठीण बिया होत्या. “गेल्या सालच्या हायेत,” ती म्हणाली. “एका बाजूनं घासा, म्हणजे पाणी प्यायील. नाहीतर बसेल तशीच शंभर वर्षं.”

मुलांनी दगडावर बिया घासल्या. कवचाआडचा पांढरा गर दिसू लागताच त्या पाण्याच्या वाटीत ठेवल्या आणि ती वाटी वर्गाच्या खिडकीत मांडली. चौथ्या दिवशी एका बीतून हिरवा कोंब बाहेर आला. तलावातील चिखल भरून एक जुने घमेले तयार करण्यात आले आणि रुजलेल्या बिया त्यात लावल्या गेल्या. त्या रविवारी गावातील मोठी माणसे, ढिवर मोहल्ल्यातील तरुण आणि वर्गातील मुले यांनी मिळून पाळीलगतचे बेशरम उपटण्यास आरंभ केला. दिवसभरात जेमतेम एका अंगणाएवढे पाणी मोकळे झाले. तलाव शेकडो अंगणांएवढा होता. कोणी त्याबद्दल काही बोलले नाही. पुढच्या रविवारी पुन्हा यायचे, एवढेच ठरले.

15 ऑगस्टला सकाळी ध्वजवंदन झाले. फलक व्हरांड्यात उभा केला होता. वाघ, मोर आणि वड यांच्या मध्यभागी एका मुलाने काढलेले कमळ होते. देठावर काटे असलेले, वाटोळ्या पानाचे, शेजारी भोकाभोकांचे बोंड असलेले. कागदावर घडीच्या रेषा दिसत होत्या. तांबड्या पेन्सिलीचा शब्दही पुसला गेला नव्हता. गुरुजींनी तो पुसण्याचा प्रयत्नच केला नव्हता. त्यांनी ‘चूक’ या शब्दापुढे आपल्याच अक्षरात ‘गुरुजींची’ असा एक शब्द लिहिला होता. पाहुण्यांपैकी काहींना त्याचा अर्थ कळला नाही. मुलांना कळला.

फलकाखाली ते जुने घमेले ठेवले होते. त्यातील गढूळ पाण्यावर रुपयाच्या नाण्याएवढी दोन इवलीशी पाने तरंगत होती. फूल यायला अजून पुष्कळ अवकाश होता. कदाचित ते या वर्गाच्या वेळी येणार नव्हते. ते पुढच्या वर्गाला किंवा त्याच्याही पुढच्या वर्गाला दिसणार होते. आजी नातवाचा हात धरून आली, घमेल्यापाशी वाकली आणि तिने ओंजळभर पाणी एका पानावर सोडले. पाण्याचा मोती झाला, थरथरला आणि घरंगळून गेला.

“हेच थे,” ती म्हणाली.